पिंग कुठे अडकतो?

१०० एमबीपीएसचा प्लॅन बदलून २००चा घेतला, तरी रात्री नऊला परदेशातल्या लेकीला व्हिडिओ कॉल लावला की तिचा चेहरा गोठतो, आवाज तुटतो आणि दोन्हीकडची माणसं एकाच वेळी बोलू लागतात. ही तक्रार आता घरोघरी ऐकू येते. कस्टमर केअरवाले स्पीड टेस्ट करायला सांगतात, टेस्टमध्ये आकडा दोनशेच्या आसपास येतो आणि तक्रार निकाली निघते. ग्राहकाचा अनुभव खरा असतो आणि टेस्टचा आकडाही खरा असतो. फक्त जे बिघडलंय ते त्या आकड्यात दिसतच नाही.

एका सेकंदात किती डेटा येऊ शकतो, ते एमबीपीएस सांगतं. एक लहानसं पॅकेट पाठवलं तर त्याचं उत्तर परत यायला किती वेळ लागतो, ही वेगळी गोष्ट आहे. तिला लेटन्सी म्हणतात, ती मिलिसेकंदांत मोजतात आणि गेम खेळणारी मुलं तिलाच ‘पिंग’ म्हणतात. सिनेमा बघताना ती जाणवत नाही, कारण पुढचे काही सेकंद आधीच उतरवून ठेवलेले असतात. बोलणं असं आधी उतरवून ठेवता येत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीनुसार आवाज एका बाजूनं १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला तर बहुतेक संभाषणं सुरळीत होतात. त्यापलीकडे गेलं की समोरच्याचं बोलणं संपलंय की तो फक्त श्वास घेतोय, हे कळेनासं होतं.

ही लेटन्सी सतत बदलत असते, आणि ती कशी बदलते यातच तिचं कारण दडलेलं असतं. डिसेंबर १९८३मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीतल्या माइक मूस यांनी नेटवर्कमधली एक अडचण शोधण्यासाठी ‘पिंग’ नावाचा छोटासा प्रोग्राम लिहिला. तो आजही विंडोज, मॅक, लिनक्स सगळीकडे हाताशी असतो. तो एकदाच चालवून आलेल्या आकड्यावरून फारसं काही कळत नाही. तासभर चालू ठेवून त्या आकड्यांचा आलेख पाहिला तर मात्र बरंच कळतं. एकदम वर चढून तिथेच राहिलेली पायरी, मधूनच उठणारे काटे, संध्याकाळी हळूहळू वाढणारा फुगवटा, कुणी फोटो अपलोड करायला लागताच उभी राहणारी भिंत: या प्रत्येक आकाराचं कारण निराळं असतं.

आधी तळ पाहू, म्हणजे ज्याच्या खाली आकडा जाऊच शकत नाही ती पातळी. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे मिलिसेकंदाला २००. जाऊन-येऊन हिशेब केला तर दर १०० किलोमीटरला एक मिलिसेकंद. पुणे-मुंबई अंतराला एक-दीड मिलिसेकंद पुरतो. मुंबई ते लंडन सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, म्हणजे किमान ७२ मिलिसेकंद. पण केबल सरळ जात नाही, ती अरबी समुद्र, तांबडा समुद्र, इजिप्त, भूमध्य समुद्र अशी वळणं घेत जाते, त्यामुळे प्रत्यक्षात शंभराच्या पुढचाच आकडा दिसतो. कॅलिफोर्नियाला तो २००च्या वर जातो. यात घासाघीस करायला जागा नाही. कितीही महागडा प्लॅन घेतला तरी प्रकाशाचा वेग वाढत नाही.

तळ स्थिर असतो, पण रस्ता बदलला की तोही बदलतो. ६ सप्टेंबर २०२५ रोजी तांबड्या समुद्रात जेद्दाहजवळ समुद्री केबल तुटल्या. त्यांत मुंबईला येणाऱ्या एसएमडब्ल्यू-४ आणि आयएमईडब्ल्यूई या दोन्ही होत्या. मायक्रोसॉफ्टनं आपल्या अझूर सेवेच्या ग्राहकांना जाहीरपणे कळवलं की मध्यपूर्वेतून जाणाऱ्या वाहतुकीला जास्त वेळ लागेल. संपर्क तुटला नव्हता, पॅकेटं दुसऱ्या वाटेनं लांबून जात होती. अशा वेळी आलेखात पायरी दिसते: एका क्षणी आकडा वर चढतो आणि दिवसरात्र तिथेच राहतो. युरोपकडची पायरी दिसत असेल आणि मुंबईतल्या सर्व्हरचा आकडा जागच्या जागी असेल, तर घरातला राउटर दहा वेळा बंद-चालू करून काहीही होणार नाही.

देशातल्या देशातही वाट लांब पडू शकते. २००३मध्ये निक्सी, म्हणजे नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया सुरू झालं, त्यामागचं मोठं कारण हेच होतं. भारतातल्याच दोन कंपन्यांच्या ग्राहकांमधला डेटा आधी परदेशात जाऊन परत यायचा. आज मुंबईत अनेक एक्स्चेंज आहेत, मोठ्या सेवांचे सर्व्हर इथेच आहेत. तरी कंपन्यांचे आपापसांतले करार बदलले की एखाद्या सकाळी नेहमीच्या गेमचा पिंग वीसवरून सत्तरवर गेलेला दिसतो. जाण्याची वाट आणि परतीची वाट वेगळी असू शकते, हेही लक्षात ठेवायला हवं. इथे वाटेतल्या प्रत्येक राउटरपर्यंतचा वेळ दाखवणाऱ्या ‘ट्रेसराउट’ची एक फसगत सांगून ठेवतो. त्यात मधल्याच एखाद्या राउटरपुढे २०० मिलिसेकंद दिसले आणि त्याच्या पुढच्यांना मात्र वीसच, तर तिथे काही बिघडलेलं नसतं. मधले राउटर पॅकेटं पुढे ढकलण्याचं काम आधी करतात, अशा चौकश्यांना उत्तरं सवडीनं देतात. हा एक आकडा दाखवून कंपनीशी भांडणारे पुष्कळ जण पाहिलेत. त्यांचा त्रास खरा असतो, बोट मात्र चुकीच्या जागी ठेवलेलं असतं.

आता घरात येऊ, कारण अचानक उठणाऱ्या काट्यांचा उगम बहुतेकदा घरातच असतो. वायफायवर एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. बोलण्याआधी प्रत्येक उपकरण ऐकतं, शांतता असली तर थोडा वेळ थांबतं आणि मग पाठवतं. दोघांनी एकदम पाठवलं की दोन्ही पॅकेटं वाया जातात, आणि पुढच्या खेपेला किती थांबायचं याची मर्यादा जवळपास दुप्पट होते. ही मर्यादा सामान्यतः वेळेच्या १५ छोट्या घटकांपासून सुरू होऊन १,०२३ घटकांपर्यंत जाऊ शकते. पुण्यातल्या किंवा ठाण्यातल्या एखाद्या सोसायटीत फोनवर वायफायची यादी उघडली की शेजारपाजारची नावं संपता संपत नाहीत. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल मात्र तीनच: १, ६ आणि ११. म्हणजे खालच्या मजल्यावरची मालिका आणि वरच्या मजल्यावरचा क्रिकेट सामना तुमच्याच हवेत वाटेकरी असतात. त्यांचा पासवर्ड वेगळा असला तरी हवा एकच असते.

मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात, २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतो. वायफायची आणखी एक खोड लोकांना माहीत नसते. आतल्या खोलीत, दोन भिंतींपलीकडे ठेवलेला जुना फोन फार कमी वेगानं बोलतो, म्हणून तेवढ्याच डेटासाठी तो कितीतरी जास्त वेळ हवा अडवून ठेवतो. त्याच्यामुळे राउटरशेजारी बसलेल्या नव्या लॅपटॉपचाही पिंग वाढतो. शिवाय लॅपटॉप मधूनमधून आपलं चॅनेल सोडून आजूबाजूला दुसरं काही आहे का ते चाचपतो. तेवढ्या क्षणात पिंगला उत्तर मिळत नाही आणि ठरावीक अंतरानं काटे उठतात. फोनचं तर आणखीच वेगळं आहे. बॅटरी वाचवण्यासाठी तो रेडिओ झोपवतो आणि राउटर साधारण दर १०० मिलिसेकंदांनी पाठवतो ती बीकन ऐकण्यापुरता जागा होतो. म्हणून शांत पडलेल्या फोनला पिंग केलं तर आकडे पाचवरून शंभरावर उड्या मारतात आणि त्यात काडीचाही दोष नसतो.

वायर लावून पाहणं हा यावरचा खरा तपास. राउटरला वायरनं पिंग केलं तर एक मिलिसेकंदाच्या आत उत्तर येतं. वायफायवरून दोन ते पाच ठीकच. तोच आकडा मधूनच ८०, १५० व्हायला लागला तर पॅकेट अजून घराबाहेर पडलेलंच नाही आणि तक्रार हवेतच अडकलेली आहे. ५ गिगाहर्ट्झवर जाणं, राउटर टीव्हीमागच्या कपाटातून बाहेर काढणं आणि कॉलसाठीचा लॅपटॉप वायरवर घेणं, हे प्लॅन वाढवण्याच्या कितीतरी आधी करायला हवं.

घराबाहेर पडलेलं पॅकेट फायबरवरून जातं. भारतात घरोघरी आलेल्या जीपॉन तंत्रात एका तंतूवर ३२ किंवा ६४ घरं जोडलेली असतात. खाली येणारे सुमारे २.५ गिगाबिट आणि वर जाणारे १.२५ गिगाबिट सगळ्यांत वाटलेले असतात. वर पाठवताना प्रत्येक घराच्या ओएनटीला, म्हणजे फायबर जिथे संपतो त्या डब्याला, आपली पाळी यायची वाट पाहावी लागते. त्यात मिलिसेकंदभर जातो, त्याचं काही वाटत नाही. जाचक ठरतं ते पुढचं. त्या भागाची सगळी वाहतूक कंपनीच्या ज्या एका जोडणीवरून पुढे जाते ती संध्याकाळी साडेआठ ते अकरामध्ये भरली, की सगळ्या इमारतींचा आकडा एकदम फुगतो आणि मध्यरात्रीनंतर आपोआप उतरतो. हा फुगवटा वायरवरही दिसतो, घरात कुणी काही वापरत नसतानाही दिसतो. ५जीवर चालणाऱ्या एअरफायबर प्रकारच्या जोडण्यांत टॉवरवरची गर्दी आणि सिग्नलची चढउतार यांची त्यात भर पडते, म्हणून तिथला आलेख मुळातच खडबडीत असतो.

उरली ती भिंत, आणि माझ्या मते घरगुती इंटरनेटमधला सगळ्यात कमी ओळखला गेलेला दोष हाच आहे. २०१०मध्ये जिम गेटिस हे बेल लॅब्जमधले अभियंते घरून एक मोठी फाइल अपलोड करत होते. हे साधे ग्राहक नव्हते. वेबच्या एचटीटीपी १.१ या प्रमाणाच्या लेखकांपैकी ते एक. अपलोड चालू असताना त्यांच्या घरचा पिंग एका सेकंदाच्या वर गेला. अपलोड थांबवलं की उतरायचा. त्यांनी खोदत जाऊन पाहिलं तर दोष वायरीत नव्हता, कंपनीच्या जोडणीतही नव्हता. मोडेम-राउटरच्या आतल्या स्मृतीत पॅकेटांची अवाढव्य रांग साचत होती. गेटिस यांनी तिला ‘बफरब्लोट’ हे नाव दिलं.

रांग का साचते, हे समजायला थोडं मागं जावं लागतं. ऑक्टोबर १९८६मध्ये कॅलिफोर्नियात लॉरेन्स बर्कले लॅब आणि बर्कले विद्यापीठ यांच्यातला, जेमतेम ४०० यार्डांवरचा दुवा गर्दीनं कोसळला. ३२ किलोबिटचा वेग ४० बिटवर आला. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर जो उपाय शोधला आणि १९८८मध्ये प्रसिद्ध केला, त्याच्या पायावर इंटरनेटवरचा डेटा पोचवण्याची टीसीपी ही आजची पद्धत उभी आहे: पाठवणाऱ्यानं वेग वाढवत जायचं, एखादं पॅकेट गहाळ झालं की वाट भरली असं समजून वेग कमी करायचा. म्हणजे पॅकेट वेळेवर गळणं ही खूण आहे आणि ती पाठवणाऱ्याला लवकर कळणं गरजेचं आहे. पुढे स्मृती स्वस्त झाली. उपकरणं बनवणाऱ्यांना पॅकेट गळणं हा कमीपणा वाटला, म्हणून त्यांनी बफर मोठे केले. आता पॅकेट गळत नाही, नुसतं थांबून राहतं. पाठवणाऱ्याला वाटतं वाट मोकळी आहे, म्हणून तो आणखी पाठवतो. रांग भरते आणि भरलेलीच राहते.

हिशेब सोपा आहे. बफर एक मेगाबाइटचा आणि अपलोड ५ एमबीपीएस असेल तर ती रांग रिकामी व्हायला १.६ सेकंद लागतात. तेवढा वेळ तुमच्या आवाजाचं प्रत्येक पॅकेट मागे उभं राहतं. वाण्याच्या दुकानात महिन्याची यादी घेऊन आलेल्या गिऱ्हाइकामागे काडीपेटीसाठी पोर ताटकळतं, तशी आवाजाची इवलीशी पॅकेटं फोटोंच्या ढिगामागे अडकतात. तोच बफर १०० एमबीपीएस अपलोडवर ८० मिलिसेकंदांत रिकामा होतो. म्हणून फायबरवर हा त्रास कमी वाटतो, पण संपत नाही. मुंबईतल्या सर्व्हरचा गेम ८० मिलिसेकंदांनी खराब होतो, आणि कॅलिफोर्नियाच्या कॉलमध्ये आधीच दोनशेपलीकडे गेलेल्या आकड्यात ही भर पडली की संभाषणाची लय मोडते.

इथेच प्लॅन वाढवूनही फरक का पडत नाही ते कळतं. रांग साचते ती वाटेतल्या सगळ्यात अरुंद जागी. फायबर २००चा केला, पण आतल्या खोलीत वायफाय प्रत्यक्षात १५ एमबीपीएसच देत असेल, तर रांग आता राउटरच्या वायफायमध्ये साचेल. पैसे वाढले, अरुंद जागा होती तिथेच राहिली. आणि ती रांग भरणारं माणूस घरातलंच असतं, बहुधा त्याच्या नकळत. लग्नाहून घरी आल्यावर फोन वायफायला जोडला जातो आणि शेकडो फोटो-व्हिडिओंचा बॅकअप मुकाट सुरू होतो. नेमकी तीच रात्री नवाची वेळ.

यावर उपाय आहे, आणि तो गेली कित्येक वर्षं उपलब्ध आहे. २०१२मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी ‘कोडेल’ ही पद्धत मांडली. रांग किती लांब आहे हे मोजायचं नाही, पॅकेट रांगेत किती वेळ राहिलं ते मोजायचं. हा वेळ १०० मिलिसेकंदांच्या मुदतीत एकदाही ५ मिलिसेकंदांखाली आला नाही, की एखादं पॅकेट मुद्दाम टाकून पाठवणाऱ्याला इशारा द्यायचा. एरिक ड्युमाझे यांनी तिला वेगवेगळ्या रांगांची जोड देऊन ‘एफक्यू-कोडेल’ लिहिलं. त्यात थोडंच घेऊन आलेल्याला आधी वाट मिळते, ढीग घेऊन आलेल्याला जरा थांबावं लागतं. त्याच वर्षी ते लिनक्समध्ये आलं, २०१८मध्ये आरएफसी ८२९० म्हणून प्रसिद्ध झालं, आणि ‘केक’ ही त्याची पुढची आवृत्ती त्याच वर्षी लिनक्समध्ये दाखल झाली. या साऱ्याचा पाठपुरावा करणारे डेव्ह टाट २०२५च्या एप्रिलमध्ये गेले. दशकाहून जास्त काळ हा माणूस राउटर बनवणाऱ्यांना आणि नेट पुरवणाऱ्यांना एकच गोष्ट पटवत राहिला, की वेगाच्या जाहिराती पुरे, रांगा आखूड करा. तरीही आज कनेक्शनबरोबर मिळणाऱ्या अनेक डब्यांत ही सोय नसते किंवा असली तरी बंद असते. फुकट उपलब्ध असलेला हा उपाय ग्राहकापर्यंत पोचू नये, याचा मला मनापासून राग येतो.

स्वतःचा राउटर घेणार असाल तर त्यात ‘एसक्यूएम’, म्हणजे रांगा आखूड ठेवणारी ही सोय, आहे का ते आधी विचारा. ओपनडब्ल्यूआरटी ही खुली प्रणाली चालणाऱ्या राउटरवर ते बसवता येतं. त्यात मर्यादा मुद्दाम खऱ्या वेगाच्या थोडी खाली, नव्वद-पंचाण्णव टक्क्यांवर ठेवायची. मग अरुंद जागा तुमच्या राउटरमध्ये येते आणि रांग कशी हाकायची ते तुमच्या हातात राहतं. पाच-दहा टक्के वेग सोडून द्यावा लागतो, त्याचं दुःख करू नये. एसक्यूएम नसेल तर फोटोंचा बॅकअप रात्री झोपल्यावर चालेल असं ठरवून देणं एवढं तरी करता येतं.

आपल्या घरी भिंत उभी राहते का, हे पाहायला वेगळं साधन लागत नाही. एका खिडकीत पिंग चालू ठेवा आणि दुसऱ्या उपकरणावरून मोठा व्हिडिओ अपलोड करा. आकडा दहावरून पंधरावर गेला तर उत्तम, दोनशेवर गेला तर दोष सापडला. मॅक असेल तर २०२१पासून त्यात ‘नेटवर्ककॉलिटी’ ही आज्ञा आहे. जोडणी भरलेली असताना मिनिटाला किती फेऱ्या होतात ते ती सांगते, आणि तो आकडा जितका मोठा तितकं चांगलं.

कंपनीला तक्रार लिहिताना तीन ठिकाणांचे आकडे हवेत: घरचा राउटर, त्याच्या पुढचा म्हणजे कंपनीचा पहिला टप्पा, आणि मुंबईतला एखादा सर्व्हर. तिन्ही वायरवर घ्यायचे, घरातलं बाकी सगळं बंद ठेवून, एकदा पहाटे आणि एकदा रात्री साडेनऊला, सलग चार-पाच दिवस. राउटरचा आकडा दोन्ही वेळा एकच्या आत, पण कंपनीच्या पहिल्या टप्प्याचा आणि मुंबईचा दोन्ही आकडे रोज रात्री पाचवरून साठवर जात असतील, तर घरी माणूस पाठवून नवा राउटर बसवण्यात अर्थ नाही. त्या भागाची पुढची जोडणी त्यांनाच वाढवावी लागेल, आणि तक्रारीत नेमकं तेच मागायचं.